वजन घटलं, पण साधलं काय?

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. "ते आठवड्याचं इंजेक्शन घेतलं की हार्ट अ‍ॅटॅकचा धोका वीस टक्क्यांनी कमी होतो म्हणे. घेऊ का गं?" मावशी बावन्न वर्षांची. वजन आणि बीपी जास्त आहे. हृदयविकार किंवा मधुमेह नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे घे किंवा नको असं सांगणं माझं काम नव्हे. पण हे वीस टक्के आले कुठून, ते मी सांगू शकत होते. संशोधनात उतरायचं तर तुम्हालाही हीच सवय लावून घ्यावी लागेल.

हा आकडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीतला आहे. तिच्यात १७,६०४ जण होते. सगळ्यांचं वजन जास्त होतं, हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता, मधुमेह मात्र नव्हता. सरासरी सव्वातीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अ‍ॅटॅक किंवा स्ट्रोक यांपैकी काहीतरी झालेले लोक प्लासिबो गटात ८ टक्के, तर सेमाग्लुटाइड गटात ६.५ टक्के. ही सापेक्ष घट सुमारे २० टक्के. निरपेक्ष घट मात्र दीड टक्का. म्हणजे दोनशे जणांनी औषध घेतलं, तर साधारण तिघांवरचं संकट टळलं. दुष्परिणामांमुळे औषध कायमचं सोडणारे होते १६.६ टक्के, प्लासिबो गटात ८.२.

आता बघा, मावशी या गटात बसतच नाही! फायदा खरा आहे, पण तो कोणाला झाला हे आधी विचारायचं.

दुसरी चाचणी 'लुक अहेड', २०१३ ची. टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेले ५,१४५ जण. आहार-व्यायामाच्या गटाचं वजन पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के घटलं, पण साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. चालणं-फिरणं, झोपेतला श्वासाचा त्रास यांत मात्र सुधारणा दिसली. दोन्ही चाचण्यांतली माणसं आणि उपाय वेगळे, त्यामुळे थेट तुलना करू नका. पण एक गोष्ट पक्की: वजन हा 'सरोगेट' निकष आहे. काटा खाली आला म्हणजे आजार टळलाच, असं नाही.

वेट-न्यूट्रल, म्हणजे वजन-निरपेक्ष उपचारांचा विचार इथेच सुरू होतो. बीपी, साखर, झोप, हालचाल यांवर थेट उपचार करायचे. "आधी वजन कमी करून या" म्हणून रुग्णाला परत पाठवायचं नाही. अर्थात, या पद्धतीलाही तोच प्रश्न विचारा: कोणता निकष मोजला, आणि किती काळ?

मावशीला मी तीन प्रश्न लिहून दिले. माझ्यासारख्या रुग्णांना शंभरात किती फायदा? त्रास किती? आणि औषध थांबवलं तर? तिसऱ्याचं उत्तर एका चाचणीत आहे: ६८ आठवड्यांनी सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं.

मावशी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली. बीपीची गोळी लगेच सुरू झाली. इंजेक्शनचं अजून ठरलेलं नाही. ते ती ठरवेल, आकडे समजून घेऊन.