दोन अणूंच्या जाडीचं मीठ

स्वयंपाकघरातलं मीठ निर्वात पोकळीत तापवलं की ८०१ अंशांना वितळण्याच्या बऱ्याच आधी त्याची वाफ होते. ती तांब्याच्या अतिशुद्ध पृष्ठभागावर बसली की मिठाची चौकोनी बेटं तयार होतात. गंमत म्हणजे खालच्या तांब्याच्या त्या पृष्ठभागावर अणूंची मांडणी षटकोनी असते, पण मीठ आपला चौकटीचा हट्ट सोडत नाही! सोडियम, शेजारी क्लोरीन, मधे ०.२८२ नॅनोमीटर अंतर. पहिलंच बेट बहुधा दोन थरांचं असतं. धातूत अणूभर उंचीची पायरी आली तरी मीठ तुटत नाही, जिन्यावर सतरंजी अंथरावी तसं वरून जातं. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये मात्र फक्त क्लोरीनचेच उंचवटे दिसतात. सोडियम असून नसल्यासारखा.

हा खटाटोप कशाला? धातूवर थेट ठेवलेल्या रेणूचे इलेक्ट्रॉन धातूत मिसळतात. मधे मिठाची सतरंजी असली की रेणू बराचसा मूळ रूपात राहतो. २००९ मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत पेंटासीन या रेणूची पाचही कडी स्पष्ट दिसली, तेही अशाच दुहेरी मिठावर. ते चित्र मी आजही अधूनमधून उघडून बघतो.