एरर वाचायची कुठून? वरून की खालून?

आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीपासून.

कॉलेजात मी जावा शिकलो आणि पहिल्या नोकरीत पायथन हाती आलं. दुसऱ्या दिवशी डेमो होता आणि रात्री अकराला स्क्रीनवर चाळीस ओळींची एरर! जावामध्ये एरर सगळ्यात वर असते, म्हणून मी वरचीच फाइल तपासत बसलो. दोन तास गेले. हे काम आपल्याला जमणारच नाही, असं वाटायला लागलं. शेवटी टीममधल्या ताईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, खालून वाच!" पाच मिनिटांत चूक सापडली.

त्या चाळीस ओळींना म्हणतात स्टॅक ट्रेस. म्हणजे कोणी कोणाला कामाला लावलं, त्याची साखळी. आईने दादाला सांगितलं, दादाने मला पिटाळलं, मी दुकानात गेलो, तर दुकान बंद! जावा आधी 'दुकान बंद' सांगतो, मग मागे मागे जातो. पायथन आईपासून सुरू करतो. टर्मिनलवर शेवटची ओळच डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे पायथनची रीतही सोयीची आहे. 'ताजा कॉल शेवटी' असं तो पहिल्याच ओळीत सांगतोही. पण घाबरलेला माणूस सूचना वाचतो का?

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. ट्रेस वाचणारा माणूस दमलेला आणि गोंधळलेला असतो, हे धरूनच तो लिहायला हवा.

पायथन हे हळूहळू शिकला. एखादं फंक्शन स्वतःलाच बोलवत सुटलं, की पूर्वी तीच ओळ जवळपास हजार वेळा छापली जायची. ३.६ पासून ती तीनदा येते आणि पुढे 'हीच ओळ आणखी इतक्या वेळा' एवढंच येतं. २०२२ च्या ३.११ मध्ये चुकलेल्या भागाखाली छोटे बाण आले. आधी फक्त ओळ क्रमांक कळायचा. एका ओळीत चार कंस असले, तर नेमका कोणता फसला ते आपणच शोधायचं! या बाणांची किंमतही आहे बरं का. प्रत्येक सूचनेची जागा साठवावी लागते, त्यामुळे कंपाइल झालेल्या फाइली फुगतात. नको असेल तर ते बंद करता येतं. २०२४ च्या ३.१३ मध्ये ट्रेसला रंगही आले.

रस्टचा मार्ग वेगळा. प्रोग्राम कोसळला की तो आधी थोडक्यात कारण आणि जागा सांगतो. पूर्ण साखळी हवी असेल तर मागायची, आणि ती कशी मागायची तेही तिथेच लिहिलेलं असतं.

तुम्ही छोटंसं टूल बनवत असाल, तरी तीन गोष्टी सांगा: काय बिघडलं, कुठे बिघडलं, आता काय करून बघायचं. रात्री अकराला कोणीतरी ते वाचणार आहे, आणि प्रत्येकाकडे फोन करायला ताई नसते.

भेटूया पुढच्या भागात!