अश्वांमधील स्नायुविकृती : क्षय की संचय?

शालिहोत्र, नकुल आणि जयदत्त यांच्या ग्रंथांमुळे अश्वचिकित्सा हा विषय आयुर्वेदास परका नाही. तथापि आज आपल्यापैकी बहुतेकांचा अश्वाशी संबंध येतो तो औषधालयाच्या गल्ल्यापाशीच. "घोड्याचा पाय सुजला आहे, चोळायला तेल द्या," असे म्हणत एखादा मोतद्दार येतो व महानारायण तेलाची बाटली घेऊन जातो. ही सूज बहुधा मुरगळण्याने किंवा मार लागून आलेली असते आणि विश्रांतीने उतरते. परंतु पायाच्या सुजेमागे कधी कधी संपूर्ण बंधक धातूची विकृती असू शकते, हे पाश्चात्त्य अश्ववैद्यांनी गेल्या काही दशकांत दाखवून दिले आहे. त्या व्याधीचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. डिजनरेटिव्ह सस्पेन्सरी लिगामेंट डेस्मायटिस, संक्षेपाने डीएसएलडी, असे तिचे नाव.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक वाटते. आजच्या व्यवहारातील मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी. संहितांतील स्नायू मात्र बंधनकारक आहे. नौकेच्या फळ्या बंधनांनी घट्ट बांधलेल्या असल्या म्हणजेच ती पाण्यात भार वाहते, असा दृष्टांत सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात दिला आहे. या लेखात स्नायू हा शब्द त्याच अर्थाने घ्यावा.

अश्वाच्या पायात हा दृष्टांत अक्षरशः पाहावयास मिळतो. सस्पेन्सरी हा स्नायू नळीच्या हाडाच्या मागील बाजूस वरच्या टोकाशी उगम पावतो, खाली उतरताना दोन शाखांत विभागतो आणि खुराच्या वरच्या सांध्यामागील (फेटलॉक) दोन लहान अस्थींना जाऊन मिळतो. सांधा जमिनीकडे खचू न देणे हे त्याचे मुख्य कार्य. साधारण ४५० किलो वजनाचा घोडा भरधाव धावताना एका क्षणी एकाच पुढच्या पायावर शरीरभाराच्या सुमारे अडीचपट भार घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोरीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

डीएसएलडीमध्ये हीच दोरी हळूहळू सैल व जाड होत जाते. आघाताचा इतिहास नसतो. विकृती सहसा एका पायापुरती राहत नाही. दोन्ही मागच्या, दोन्ही पुढच्या किंवा चारही पायांत दिसते. प्रारंभी घोडा केवळ कामास नाखूष दिसतो, अडखळतो, वारंवार एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतो. पुढे स्नायूच्या शाखा बोटांना जाड लागतात, दाबल्यास वेदना होते, सांधा खचू लागतो आणि मागचा पाय काठीसारखा सरळ दिसू लागतो. मुरगळलेला स्नायू विश्रांतीने भरून येतो. हा मात्र विश्रांती देऊनही खालावत जातो. आमच्या मते व्यवच्छेदासाठी हीच खूण सर्वांत महत्त्वाची. निश्चितीसाठी सोनोग्राफी करतात.

पेरुव्हियन पासो या दक्षिण अमेरिकी जातीत हा विकार विशेषत्वाने आढळतो. स्वाराला धक्का न बसू देणाऱ्या चालीसाठी ही जात प्रसिद्ध आहे. विकार काही कुळांत अधिक दिसतो, हे १९९० च्या दशकातच नोंदले गेले होते. अरबी, थरोब्रेड, क्वार्टर हॉर्स इत्यादी जातींतही तो आढळला आहे.

संप्राप्तीचा विचार

लक्षणे पाहून कोणताही वैद्य प्रथमदर्शनी वातज धातुक्षय म्हणेल. आम्हांसही तेच सुचते. परंतु २००६ साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या डॉ. यारोस्लावा हाल्पर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले निरीक्षण विचार करावयास लावणारे आहे. बाधित स्नायूच्या तंतूंमध्ये त्यांना प्रोटिओग्लायकन नावाच्या द्रव्याचा अतिरिक्त संचय आढळला. प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या जोडलेले हे द्रव्य पाणी धरून ठेवते. कूर्चेत ते हवेच. ताण सोसणाऱ्या तंतूंमध्ये त्याची गर्दी झाली की तंतू परस्परांपासून दूर सरतात आणि दोरीची वीण विसविशीत होते. असाच संचय त्यांना मानेच्या स्नायूत, महाधमनीच्या भित्तीत आणि नेत्राच्या शुक्ल पटलातही दिसला. म्हणून त्यांनी ही व्याधी सार्वदेहिक मानली.

हे मत सर्वमान्य झाले असे मात्र नाही. पायाखेरीज इतरत्र होणारा संचय हे या व्याधीचे वैशिष्ट्य नव्हे, असा निष्कर्ष २००९ साली दुसऱ्या एका अमेरिकी गटाने मांडला. त्यामुळे मानेतील स्नायूचा तुकडा तपासून निदान करण्याची पद्धतही वादात राहिली. २०२२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने केलेल्या जनुकीय अभ्यासावरून दोष एका जनुकात नसून अनेक जनुकांत विभागलेला असावा असे दिसते.

वातप्रकोपाची दोन कारणे चरकाचार्य सांगतात : धातुक्षय आणि मार्गाचे आवरण. स्नायू हा मेदाचा उपधातू आहे, हेही त्यांचेच मत. येथे उपधातू वाढलेला आणि बल घटलेले आहे. म्हणजे क्षयापेक्षा आवरणाचे चित्र अधिक जुळते. ही केवळ तुलना आहे, सिद्धान्त नव्हे. पण क्षय गृहीत धरून जाड झालेल्या स्नायूवर बृंहण सुचविण्याची घाई करू नये, इतके तिच्यावरून म्हणता येते.

चिकित्सेच्या मर्यादा

व्याधी उलटविणारा उपाय आजमितीस नाही. स्नायुगत वातात अग्निकर्म सांगितले आहे आणि घोड्याचे पाय डागण्याची रीत जगभर होती. परंतु कंडरेच्या इजेवर डागण्याचा काही लाभ होत नाही, असे १९८३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर अभ्यासात दिसून आले. या व्याधीत तर ते वेदनेत भर घालणेच ठरेल. परदेशातील काही अश्वपालक जिओगुलान ही चिनी वेल खाऊ घालतात. तिच्या गुणाचा आधार मुख्यतः पालकांचे स्वानुभव हाच आहे. आपल्याकडील एखाद्या गुग्गुळकल्पाच्या वेष्टनावर असाच दावा छापण्याचा मोह औषधालयचालकांनी टाळावा.

तेल चोळल्याने घोड्याला क्षणभर बरे वाटेलही, आणि तेथेच धोका आहे. वेदना दबली की मालक त्याला पुन्हा कामास जुंपतो व उरलेले तंतूही तुटतात. वेदनाशामक औषध पशुवैद्यकाने दिलेले असले तरी हेच घडू शकते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. बीएएमएस पदवीने तो मिळत नाही. विकारग्रस्त, कामास अयोग्य प्राण्यास कामाला लावणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. तेव्हा गल्ल्यावर तीन प्रश्न अवश्य विचारावेत : सूज एका पायाला आहे की अनेक? मार लागला होता काय? विश्रांती देऊनही वाढतच आहे काय? उत्तरे संशयास्पद असतील तर बाटली न देता पशुवैद्यकाकडे पाठवावे.

निदान पक्के झाल्यावर मालकाच्या हाती उरते ते सवारी व ओझे थांबविणे, समतल व मऊ जमीन, वजन आटोक्यात ठेवणे, कुशल नालबंदाकडून टाचेला मागून आधार देणारी नाल बसविणे आणि त्या घोड्यापासून पैदास न करणे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण जाते, कारण लक्षणे उशिरा उमटली तर तोवर घोडीला शिंगरे झालेली असतात. सांधा जमिनीला टेकू लागला, घोडा उभा राहीनासा झाला, तर वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णय पशुवैद्यक व मालक यांनी मिळून घ्यावयाचा असतो.