घटका बुडाली

वेळ डोळ्यांना दिसत नाही. रांजणातले पाणी दिसते. झाकण काढले की किती उरले ते कळते, म्हणून आपण ते जपतो. वेळ सांडला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

जुन्या लोकांनी वेळ पाण्यात पाहिला. लग्नघरी घंगाळात घटिकापात्र सोडत. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाणी आत शिरे, वाटी भरे, बुडे. घटका झाली! घटका म्हणजे 24 मिनिटे. दिवसरात्रीच्या 60 घटका. पाटील असो की सालगडी, एकसष्टावी कुणाला मिळत नाही.

वेळ म्हणजे पैसा, असे म्हणतात. मला ते पटत नाही. गेलेला पैसा पुन्हा कमावता येतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात वेळेला पाणीच म्हणावे. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वेळ आणणारी रेल्वे कुठेच नाही.

आता माझेच सांगतो. मी शाळेतून निवृत्त झालो. मुलाने मोबाईल घेऊन दिला. बाजारभाव कळतो, ई-पीक पाहणी होते. वस्तू काही वाईट नाही. पण मंडळी, पुस्तकाला शेवटचे पान असते. कीर्तनाला आरती असते. मोबाईलमधल्या चित्रफितींना शेवट नाही. एक संपते तोच दुसरी हजर. त्या तशाच बनवल्या आहेत. आपण जितके बघू तितक्या जाहिराती दिसतात, आणि जाहिरातींवर मालकाला पैसा मिळतो.

एके रात्री हिला ताप होता. हिने तीनदा हाक मारली. मी ‘आलोच’ म्हणालो. गेलो तेव्हा तास उलटला होता. हिने स्वतःच उठून पाणी घेतले होते आणि भिंतीकडे तोंड केले होते.

दुसऱ्या दिवशी मी जर्मनच्या वाटीला खिळ्याने भोक पाडले. भोक मोठे झाले, वाटी पाच मिनिटांत बुडाली. दुसऱ्या वाटीला सुईएवढे पाडले. ती साधारण घटकाभर तरते. मोबाईल घेताना वाटी बादलीत सोडायची, बुडाली की मोबाईल खाली. पहिल्या संध्याकाळी वाटले, दहाच मिनिटे झाली असतील. बघतो तर वाटी तळाला.

हिशेब करून बघा. रोज 3 तास म्हणजे साडेसात घटका. वर्षाचे 1095 तास. म्हणजे रात्री धरून 45 दिवस. एवढ्यात ज्वारीची काढणी-मळणी उरकते.

एकट्याचे मन ढळते, हेही खरे. म्हणून 2022 साली सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने गावानेच मिळून ठरवले. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरे अभ्यासाला, मोठी माणसे बोलायला. आपल्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही 6 ते 8 असे दोन तास ठरवले.

आमच्या वाटीला भोंगा नाही. हीच ओरडते, “गुरुजी, घटका बुडाली!” मी पाच मिनिटे वाढवून मागतो. ती देत नाही.