अशिलाचे गुपित आणि दुभाष्याची जीभ

वकिलाजवळ बोललेला शब्द बाहेर जाणार नाही, या विश्वासावर वकिली व्यवसायाची सारी इमारत उभी आहे. तो विश्वास नसेल तर अशील अर्धेच सांगतो, आणि अर्ध्या माहितीवर केलेला बचाव बहुधा पुरता फसतो. स्वतः पैसे मोजून वकील करणाऱ्यास याची फारशी चिंता नसते. तो आपला वकील आपण निवडतो, त्याच्या कचेरीत दार लावून बसतो आणि आपल्या भाषेत बोलतो. सरकारी खर्चाने वकील मिळालेल्या गरिबाची गोष्ट निराळी आहे. त्याची भेट तुरुंगात किंवा न्यायालयाच्या व्हरांड्यात होते, आणि कित्येकदा उभयतांची भाषाही एक नसते.

कायद्याने गरिबाला वकील दिला, यात शंका नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम राज्यघटनेत आले. १९७८ साली होसकोट खटल्यात आणि १९७९ साली हुसैनआरा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोफत कायदेशीर मदत हा न्याय्य कार्यपद्धतीचा अविभाज्य भाग ठरविला. पुढे १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. तथापि वकील देणे ही एक गोष्ट, आणि ज्याच्याशी मन मोकळे करून बोलता येईल असा वकील देणे ही दुसरी.

आपल्याच राज्याकडे पाहावे. गडचिरोलीत गोंडी व माडिया, मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली व पावरी या भाषा बोलल्या जातात. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे देशभरात एक कोटीहून अधिक, तर गोंडी सांगणारे सुमारे तीस लाख होते. तरीही या दोन्ही भाषांना आठव्या अनुसूचीत स्थान नाही. ज्याला मराठी बाजारापुरती येते, त्याला आपल्यावरील आरोपाचे उत्तर मराठीत देता येईलच असे नाही. हा प्रश्न केवळ आदिवासींचा आहे असेही कोणी समजू नये. बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या मजुरावर तेथे खटला झाला, तर कानडी न्यायालयात तोही असाच मुका होतो.

अशा वेळी वकील आणि अशील यांच्यामध्ये तिसरा माणूस येतो. १८७२ च्या पुरावा कायद्याला त्या तिसऱ्या माणसाची जाणीव होती. कलम १२६ ने वकिलावर गुप्ततेचे बंधन घातले आणि कलम १२७ ने तेच बंधन दुभाषी व वकिलाचे कारकून यांना लागू केले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही ही तरतूद कायम आहे. गुन्हा करण्यासाठी मागितलेल्या सल्ल्याला हे संरक्षण नाही. तेव्हा त्यामुळे गुन्हेगारांचे फावेल ही भीती अनाठायी होय.

परंतु दुभाषी म्हणून जो जवळ सापडेल त्याला उभे केले, तर या कलमाचा उपयोग काय? तो कोठडीवरील शिपाई असेल. पोलिसापुढील कबुली पुरावा ठरत नाही हे खरे. पण कानावर पडलेल्या शब्दाने तपासाची दिशा ठरते, त्याला कोण अडविणार? तो बराकीतला दुसरा कैदी असेल. मग ती हकिगत रात्रीपर्यंत साऱ्या बराकीत पोचेल. सासरच्या छळाची तक्रार सांगणाऱ्या स्त्रीचा दुभाषी तिचा दीरच असेल, तर ती काय सांगणार आणि तो त्यातले काय पोचविणार?

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची दोन्ही अंगे वेगवेगळ्या प्रसंगी पाहिली आहेत. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या निकालात, स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत देऊन तोंडी समजावणे पुरेसे नाही, ती त्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे ठरले. १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात, वकिलाच्या भेटीवर अधिकाऱ्याने हवी तर नजर ठेवावी, मात्र संभाषण ऐकू येईल इतक्या जवळ राहू नये, असे न्यायालयाने सांगितले. पण ज्या शिपायाला ऐकू येऊ नये म्हणून दूर उभे केले, त्यालाच भाषा येते म्हणून जवळ बोलावले, तर हे दोन्ही निकाल एकाच वेळी निष्फळ होतात. भाषा आणि गुप्तता हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, तो असा.

साक्षीचा अनुवाद आरोपीला त्याच्या भाषेत भर न्यायालयात सांगावा, अशी तरतूद फौजदारी प्रक्रियेत पूर्वीपासून आहे. परंतु तो दुभाषी न्यायालयाचा, आणि त्याचे काम उघड्यावरचे. सल्लामसलतीचा दुभाषी अशिलाच्या बाजूचा असावा लागतो. म्हणून प्रत्येक जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाजवळ त्या त्या भागातील भाषांच्या दुभाष्यांची स्वतंत्र यादी असावी, त्यांना गुप्ततेची लेखी शपथ द्यावी आणि कामाचा रास्त मोबदला मिळावा. पोलीस, तुरुंगाचे कर्मचारी व प्रतिपक्षाचे नातलग यांना या कामी निरपवाद मनाई असावी. विधी स्वयंसेवकांच्या योजनेत दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या सुशिक्षित कैद्यांनाही स्थान आहे. अर्ज लिहून देण्यास त्यांची मदत मोलाची ठरेल. पण कच्च्या कैद्याचे गुपित त्यांच्या तोंडून वकिलाकडे जावे हे योग्य नव्हे.

अशी माणसे आणायची कोठून, असे विचारले जाईल. आश्रमशाळांतून शिकलेल्या आणि घरची बोली न विसरलेल्या तरुणांकडे, त्या भागात वर्षानुवर्षे राहिलेल्या शिक्षकांकडे आपण या दृष्टीने पाहिले आहे काय? दोन्ही भाषा त्यांच्या ओठांवर आहेत. शिकवायचे आहे ते न्यायालयीन शब्दांचे नेमके अर्थ आणि ऐकलेले पोटात ठेवण्याची शिस्त. याला फार मोठा खर्च लागणार नाही. मोफत मदत म्हणजे उपकार नव्हे, तो हक्क आहे, असे आपण मानतो. मग पैसेवाल्या अशिलाला आपल्या वकिलाच्या बंद दाराआड जे अभय मिळते, ते गरिबालाही मिळाले पाहिजे. त्यात कमीजास्त करण्याचा अधिकार कोणालाही नाही.