उतरलेल्या जनावराला कोण विचारतो?

२६ जानेवारी २०२० रोजी शिवाजी पार्कच्या संचलनात मुंबई पोलिसांचे अश्वदल उतरले. १९३२ साली बंद झालेले हे पथक ८८ वर्षांनी परत आले होते, त्यामुळे कौतुक खूप झाले. घोडा असो, म्हैस असो की बकरी ईदचा बकरा, आज मुंबईत जनावर येते ते बहुधा ट्रकनेच. त्या प्रवासाची चौकशी मात्र आपण फारच कमी केली.

प्रवासाचे नियम १९७८ मध्ये आले. साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे नकोत, साडेचार-पाच टनी गाडीत चाळीसपेक्षा जास्त शेळ्यामेंढ्या नकोत, सोबत माणूस हवा, पशुवैद्याचा दाखला हवा. गुरे बिचकू नयेत म्हणून त्यांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे ठेवा, इतका बारीक विचार त्यात आहे. २०१६ पासून मोटार वाहन नियमांनी जागाही ठरवून दिली: गाय-म्हशीला २ चौरस मीटर, घोड्याला २.२५, शेळीला ०.३.

सगळे योग्यच, पण ही मापे गाडीची. जनावराने काय सोसले ते त्याच्या शरीरातच शोधावे लागते. शास्त्रज्ञांनी आधी रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, मोजायला धरले. पण अनोळखी माणसाने धरून मानेच्या शिरेत सुई घातली, की तेवढ्यानेही काही मिनिटांत ते चढते. मग ताण प्रवासाचा की सुईचा? म्हणून पुढे शेणातले आणि केसांतले त्याचे अंश तपासले जाऊ लागले, छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजले जाऊ लागले. वळणावर ट्रक हेलकावला की जनावर चारी पाय रोवून तोल सावरते. तासन्‌तास हे चालले, मुका मार बसला, की स्नायूंतले क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात उतरते. पाणी मिळाले नाही तर रक्त घट्ट होते. स्नायूंतला साखरेचा साठा संपलेल्या जनावराचे मांससुद्धा काळपट आणि कोरडे निघते. फाळका उघडल्यावर जनावर पायांवर उतरले म्हणजे सुखरूप आले, हा समज या मोजमापांनी कधीच खोडून काढला आहे.

परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून. ज्ञान आणि जनावरे दोन्ही एकाच शहरात आहेत. प्रवासाच्या दाखल्यावर चढवतानाचे वजन लिहावे, देवनारला उतरताच निवडक गाड्यांतल्या जनावरांचे वजन आणि ठोके मोजावेत, आणि महापालिकेने ते आकडे दरवर्षी जाहीर करावेत. येत्या बकरी ईदपासून एवढी सुरुवात तरी व्हावी.