केसांची जट : आधी सोडवा, मग अंघोळ घाला

वऱ्हाडात मृगाच्या सरी कोसळल्या की चिखलाने माखलेल्या पाळीव कुत्र्याला लगेच अंघोळ घातली जाते. स्पिट्झ, ल्हासा अप्सो, शिह त्झू, गोल्डन रिट्रिव्हर अशा लांब केसांच्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ही घाई महागात पडू शकते. केसांत आधीच गुंता असेल, तर पाण्याने तो आणखी आवळतो आणि त्याची घट्ट जट होते.

गळालेले केस सगळेच जमिनीवर पडत नाहीत. बरेचसे उरलेल्या केसांत अडकून राहतात. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. ओल आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत रुततात. लोकरीचा नमदाही असाच तयार होतो. कानामागे, काखेत, जांघेत, मागच्या पायांवर आणि पट्ट्याखाली जट लवकर धरते. शेतात, माळावर फिरणाऱ्या कुत्र्याच्या केसांत गोखरू आणि कुसळे अडकली, तर त्यांच्याभोवतीही गुंता वाढतो.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. जटेमुळे चालताना कातडी सतत ओढली जाते. खाली हवा पोहोचत नाही, ओल टिकते, खाज सुटते आणि खाजवून जखम होते. पावसाळ्यात अशा जखमेवर माश्या अंडी घालतात व अळ्या पडतात. एर्लिकिओसिससारखा गंभीर आजार पसरवणारे गोचीडही जटेखाली लपून राहतात.

जट कोरडी असतानाच सोडवावी. तिच्यावर थोडे कॉर्नफ्लोअर भुरभुरावे, म्हणजे केस सुटे व्हायला मदत होते. कातडीलगत केस एका हाताने घट्ट धरावेत, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग बोटांनी जटेचे छोटे भाग करावेत आणि टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे विंचरत जावे. कुत्रे कंटाळले की थांबावे, उरलेले काम दुसऱ्या दिवशी करावे. कात्री मात्र लावू नये. जटेत कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती सहज कापली जाते.

जट कातडीला चिकटलेली असेल, दुर्गंधी, पू किंवा अळ्या दिसत असतील, तर पशुवैद्यकाकडेच जावे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था, तर अमरावतीत जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तेथे मशिनने केस काढावेत की काय करावे, हे जखम पाहून ठरवता येते.

पारा ४५ अंशांवर गेला की ‘कुत्र्याला उकडतं’ म्हणून सरसकट टक्कल करण्याकडे कल असतो. पण स्पिट्झ, गोल्डन रिट्रिव्हर यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना हेच केस उन्हापासूनही वाचवतात. कातडीपर्यंत भादरल्यास ती भाजू शकते आणि केस पुन्हा नीट येतीलच असे नाही. त्यांना सावली, भरपूर पाणी आणि नियमित विंचरणे अधिक उपयोगी.

रोज दहा मिनिटे ब्रश फिरवावा, रात्री पट्टा काढावा, भिजल्यावर केस मुळापर्यंत कोरडे करावेत. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत फिरवून पाहावा. वरून मऊ दिसणाऱ्या केसांखालीही जट असू शकते. कंगवा कुठेही न अडकता गेला, तरच अंघोळीचे पाणी काढावे.